दाराच्या कुलपाची पारख

कपडे भरले, पावडर टाकली, दार लोटलं, बटण दाबलं. आता दारापाशी 'टक्' असा बारीक आवाज व्हायला हवा, तो होत नाही. पाणी आत येत नाही, टब फिरत नाही आणि पडद्यावर 'डीई' ही अक्षरं लुकलुकू लागतात. एलजी आणि सॅमसंगच्या कित्येक मशीनवर दाराचा दोष असाच दिसतो. जळगाव-धुळ्याच्या दुरुस्तीवाल्यांना फ्रंट लोड मशीनची ही तक्रार चांगली ओळखीची आहे. कुलूप हा तळहातावर मावणारा प्लास्टिकचा डबा असतो. पण त्याच्या होकाराशिवाय अख्खं मशीन जागचं हलत नाही.

ते हलू नये, हेच बरोबर आहे. फ्रंट लोडचं दार समोर असतं आणि धुताना पाणी त्या दाराच्या काचेपर्यंत येतं. पिळताना टब मिनिटाला १२०० फेरे घेत असेल आणि त्याचा व्यास अर्धा मीटर असेल, तर त्याच्या कडेचा वेग ताशी ११० किलोमीटरच्या वर जातो. त्या कडेवरच्या कापडावर त्याच्या वजनाच्या सुमारे चारशे पट जोर पडतो. अशा वेळी दार उघडलं आणि कुणी हात घातला, तर काय होईल हे सांगायला नको. म्हणून दार पक्कं धरणं आणि ते पक्कं झाल्याची खात्री पटेपर्यंत मोटरला वीज न देणं, एवढंच काम या डब्याकडे आहे.

तो हे काम कसं करतो, ते पाहण्यासारखं आहे. जुन्या आणि साध्या कुलपात सिरॅमिकची एक चकती असते. वीज मिळाली की ती तापते. ठरावीक तापमानानंतर तिचा रोध झपाट्यानं वाढतो आणि ती स्वतःच स्वतःला आवरते. तिला टेकून दोन धातूंची जोडपट्टी बसवलेली असते. दोन्ही धातू सारखे प्रसरण पावत नाहीत, म्हणून पट्टी वाकते, एक खिटी पुढे सरकते आणि दाराचा हुक अडकून बसतो. त्याच हालचालीत एक संपर्क जुळतो आणि पुढच्या यंत्रणेला वीज मिळते. धुणं संपल्यावर दार मिनिट-दोन मिनिटं उघडत नाही, कारण पट्टी निवायला वेळ लागतो. बऱ्याच नव्या मशीनमध्ये हे काम विद्युतचुंबक करतो, त्यामुळे दार लवकर सुटतं.

खान्देशात या डब्याची परीक्षा कडक असते. दोन्ही शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. मधल्या दिवसांत बोअरचं जड पाणी वापरावं लागतं आणि त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून दाराच्या रबरावर, हुकावर, कुलपाच्या फटीत थर धरतात. शेतातून येणारे कपडे मातीनं भरलेले असतात. केळीच्या पट्ट्यात त्यांवर चिकाचे काळपट डागही असतात. म्हणून धुणं जास्त वेळा आणि जास्त वजनाचं निघतं. ओल्या कपड्यांचा भार उघड्या दारावर टेकवून गठ्ठा ओढला की बिजागरी थोडी थोडी खाली बसते. दार दोन-तीन मिलिमीटर उतरलं तरी हुक फटीच्या खाली आपटतो. त्यात विजेचा दाब पडला, तर चुंबकाची ओढ कमी होते, चकतीही नीट तापत नाही. उलट, मे महिन्यात पारा ४५ अंशांपाशी गेला की जोडपट्टी निवायला जास्त वेळ घेते आणि दार अडकल्यासारखं वाटतं.

म्हणजे कुलूप नाही म्हणतं, तेव्हा दोष बहुधा शेजाऱ्याचा असतो. चांगला कारागीर हे जाणतो, म्हणून त्याच्या तपासणीला क्रम असतो. आधी प्लग काढून दहाएक मिनिटं थांबायचं. कधी कधी मशीनचं नियंत्रण करणारं इलेक्ट्रॉनिक कार्ड नुसतं अडकलेलं असतं. मग रबराच्या घडीत बोट फिरवून पाहायचं, कारण ओढणीचं टोक किंवा एखादं नाणंही दार अडवतं. नंतर हुक दाबून बघायचा: स्प्रिंग परत येते का, प्लास्टिक तुटलंय का. मग उघडं दार दोन्ही हातांनी हलकेच वर-खाली करायचं. खुळखुळलं तर बिजागरी. हे सगळं ठीक असेल, तरच मशीन लावून कान द्यायचा. 'टक्' ऐकू आलं आणि तरीही दोष दिसतोय, तर संशय संपर्कावर, वायरवर किंवा कार्डावर. 'टक्' आलंच नाही, तर कुलपापर्यंत वीज पोहोचत नाही किंवा कुलूपच गेलंय.

यापुढचं काम घरच्यांनी करू नये. प्लग काढून रबराची कडी उतरवायची, दोन स्क्रू सोडायचे, कुलूप बाहेर घ्यायचं आणि मल्टिमीटरनं चकतीचा रोध मोजायचा. वायर उंदरानं कुरतडली आहे का, कनेक्टर हिरवा पडलाय का, हे डोळ्यांनी पाहायचं. कार्डाचा नंबर सर्वांत शेवटी, कारण यांतला तोच सगळ्यात महाग भाग आणि उगाच बदलला जाणाराही तोच.

इथं एक धोक्याचं वळण आहे. बाजारात त्याला 'डायरेक्ट करणं' म्हणतात. कुलपाच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या की काही मशीन दार बंद समजतात आणि सुरू होतात. पाच मिनिटांचं काम, ग्राहकही खूश. पण त्या घरात उद्या एखादं मूल पिळत्या टबाचं दार ओढेल, तेव्हा त्याला अडवणारं काहीच उरलेलं नसेल. बाहेर पडणाऱ्या पाण्याजवळ विजेच्या वायरी असतात, ते वेगळंच. नवीन कुलूप यायला आठवडा लागणार असेल, तर तेवढे दिवस हातानं धुवावं. 'डायरेक्ट' करून मागणाऱ्या ग्राहकाला नकार देणारा मेकॅनिक स्वतःचं गिऱ्हाईक गमावण्याची जोखीम घेतो, आणि म्हणूनच त्याच्यावर विश्वास ठेवावा.

सेमी-ऑटोमॅटिक मशीन इथं अजून भरपूर आहेत, कारण त्यांत बादलीनं पाणी ओतता येतं. त्यांना असं कुलूप नसतं, पण पिळणीच्या झाकणाला हाच नियम लागू आहे: झाकण उचललं की मोटर थांबते आणि ब्रेक टब धरतो. झाकण उघडूनही टब फिरतच राहिला, तर तेही मशीन त्याच दिवशी बंद ठेवायला हवं.

कुलूप टिकवायला फार काही लागत नाही. धुणं झालं की रबर आणि हुक ओल्या फडक्यानं पुसावा आणि दार किंचित उघडं ठेवावं. मात्र घरात लहान मूल असेल, तर ते आत शिरणार नाही याची काळजी घेऊनच. दारावर वजन टाकू नये. महिन्या-दोन महिन्यांनी रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवावं. व्होल्टेज पडणाऱ्या भागात स्टॅबिलायझर लावावा.

आणि कारागीर येईल तेव्हा त्याच्या तपासणीचे पैसे निमूट द्यावेत. नवा भाग बसवला की आपण खुशीनं पैसे मोजतो. 'काही बदलायची गरज नाही, बिजागरी घट्ट केली' असं सांगितलं की घासाघीस करतो. अशा घासाघिशीनंच मेकॅनिकला नको असलेला भाग विकायची सवय लागते. दोष नेमका कुठं आहे हे ओळखणं, हीच या धंद्यातली खरी कमाई आहे, आणि तिला दाम मिळाला, तर जळगाव-धुळ्याच्या घरांतली कुलपं आपलं काम चोख करत राहतील.