बोलण्याची जागा मेंदूत कशी शोधली गेली

‘बोलण्याचं केंद्र मेंदूच्या डाव्या बाजूला असतं’ हे आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं. हे कसं ठरलं ते क्रमाने पाहू.

सुरुवात पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात झाली. लेबोर्न्य नावाचा रुग्ण तिथे वर्षानुवर्षं होता. उजवी बाजू लुळी पडलेली, तोंडातून एकच उच्चार, ‘तां, तां’. आकडा विचारला की मात्र डाव्या हाताची बोटं दाखवून तो उत्तर द्यायचा. म्हणजे त्याला समजत होतं.

एप्रिल 1861 मध्ये तो वारला. पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या कपाळामागच्या भागाची हानी झालेली दिसली. पुढे असे आणखी रुग्ण मिळाले आणि त्या भागाला ‘ब्रोकाचं क्षेत्र’ म्हणू लागले. मेंदूच्या इजेमुळे भाषा बिघडते, त्याला वाचाघात म्हणतात.

1874 मध्ये कार्ल वेर्निकेने दुसरा प्रकार मांडला. हे रुग्ण घडाघडा बोलतात, पण बोलण्याला अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचं बोलणंही त्यांना नीट कळत नाही. इजा डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या भागात असते.

घरच्यांची गफलत इथेच होते. पहिल्या प्रकारात ‘यांना काही कळत नाही’ असं समजून रुग्णासमोरच नको ते बोललं जातं. दुसऱ्या प्रकारात ‘भ्रमिष्ट झाले’ म्हणून मेंदूच्या झटक्याची शंकाच येत नाही आणि उपचाराचा मोलाचा वेळ जातो. बोलणं अचानक बिघडलं, तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.

आता अभ्यासकांची गफलत. पूल खचला की गावात एसटी येत नाही, म्हणून आगार पुलाखाली होतं असं आपण म्हणत नाही. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्रज डॉक्टरांचा आक्षेप नेमका हाच होता : ज्या जागेच्या इजेने वाचा जाते, ती जागा म्हणजे वाचेचं घर नव्हे. वेर्निकेनेही दोन भागांना जोडणाऱ्या तंतूंवर भर दिला होता. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात मात्र दोन ठिपकेच ठळक उरले.

ब्रोकाने लेबोर्न्यचा मेंदू कापला नाही, जपून ठेवला. माझ्या मते पुढच्या पिढ्यांवर हे त्याचे फार मोठे उपकार. 2007 मध्ये नीना ड्रॉंकर्स आणि सहकाऱ्यांनी त्या मेंदूचं एमआरआय केलं, तेव्हा इजा नुसती वरवरची नसून खोलवर, मागच्या-पुढच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली आढळली.

मग जागा वगैरे सगळं खोटंच? तसंही नाही. मेंदूतली गाठ काढताना काही शस्त्रक्रियांत रुग्णाला जागं ठेवतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. एका जागी सौम्य वीजप्रवाह देतात आणि चित्र दाखवतात. ‘हे आहे…’ इतकं म्हणून रुग्ण नावाशी अडला, तर तिथे खूण ठेवून ती जागा वाचवतात. या खुणा प्रत्येक माणसात थोड्या वेगळ्या पडतात; म्हणून शल्यचिकित्सक पुस्तकातल्या नकाशावर विसंबत नाहीत, प्रत्येक रुग्णाचा नकाशा नव्याने काढतात.