शाळेच्या दारातल्या नऊ पिशव्या

गेल्या दिवाळी कार्यक्रमानंतरचा सोमवार मी विसरणार नाही. शनिवारी मंडळाने माझ्या मुलीच्या शाळेचं सभागृह आणि कॅफेटेरिया भाड्याने घेतला होता. नाच-गाणी, फराळ, जेवण, सगळं छान झालं. सोमवारी सकाळी मी शाळेत गेले, तर मागच्या दाराशी कचऱ्याच्या नऊ काळ्या पिशव्या! शेजारी पाचवीतली मुलं वजनकाटा घेऊन उभी होती. त्या दिवसापासून शाळेच्या कचऱ्याची मोजणी सुरू व्हायची होती आणि मुलांच्या मदतीला पालक म्हणून मीच होते. लेकीने हळूच विचारलं, "आई, या आपल्याच ना?"

थोडं मागे जाते. सांगलीजवळच्या एका शाळेत मी सहा वर्षं भूगोल शिकवला. राष्ट्रीय हरित सेनेचं कामही माझ्याकडेच असायचं. न्यू जर्सीला आले आणि व्हिसामुळे नोकरी सुटली. वर्गाची सवय असलेल्या बाईला दुपारचं रिकामं घर खायला उठतं. त्यामुळे शाळेच्या 'ग्रीन टीम'साठी पालक हवेत अशी ईमेल आली, तेव्हा मी लगेच होकार कळवला.

ही टीम 'सस्टेनेबल जर्सी फॉर स्कूल्स' या प्रमाणपत्रासाठी होती. पब्लिक स्कूल्ससाठी ही योजना 2014 मध्ये सुरू झाली. भाग घेणं ऐच्छिक आहे आणि त्याला फी नाही. आधी डिस्ट्रिक्टच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनने सहभागाचा ठराव करायचा, मग शाळेने नाव नोंदवायचं आणि ग्रीन टीम नेमायची. त्यात शिक्षक, कर्मचारी, पालक, विद्यार्थी असे सगळे येतात. पुढे कामांची मोठी यादी असते: वीजबचत, शाळेची बाग, कचऱ्याची मोजणी, मुलांचं आरोग्य. प्रत्येक कामाला गुण ठरलेले. 150 गुणांना ब्रॉंझ, 350 गुणांना सिल्व्हर. मात्र नुसतं काम करून भागत नाही, त्याचा पुरावा जोडावा लागतो. आमचं एक काम अपुऱ्या कागदांमुळे परत आलं, तेव्हा मला आमच्या तपासणीच्या फायली आठवल्या!

यादीतल्या एका कामाने तर आपल्याच लोकांची आठवण झाली. मुलांना घ्यायला आलेल्या गाड्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभ्या असतात. न्यू जर्सीत तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी अशी चालू ठेवायला कायद्यानेच बंदी आहे. मुलांनी हाताने पाट्या रंगवल्या आणि रांगेत धरल्या. दुसऱ्या दिवशी कितीतरी इंजिनं बंद! मोठ्यांनी सांगितलं असतं तर वाद झाला असता.

कचऱ्याच्या मोजणीत मुलांनी जेवणाच्या सुट्टीनंतर सगळं वेगवेगळं केलं: उरलेलं अन्न, ओतून द्यायचं दूध, कागद, प्लास्टिक. न उघडलेले दुधाचे डबे आणि अख्खी सफरचंदं पाहून मला भरून आलं. लहानपणी पानात टाकलं की आजीचे डोळे मोठे व्हायचे. नंतर कॅफेटेरियात एक 'शेअर टेबल' आलं. नको असलेली बंद वस्तू तिथे ठेवायची, ज्याला हवी त्याने घ्यायची.

आणि त्या नऊ पिशव्या? शाळेच्या मोजणीत त्या धरल्या नाहीत, पण मी धरल्या. मंडळाच्या बैठकीत विषय काढला. "वर्षातून एकदाच तर असतं," असं कुणी म्हणालं. पण आपली मुलं रोज याच शाळेत जातात आणि त्यांनी त्या पिशव्या ओळखल्या, हे सांगितल्यावर सगळे गप्प झाले. यंदा प्रत्येक कुटुंबाने घरून आपापलं ताट, वाटी, पेला आणायचा असं ठरलं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला रंगीत तालीम झाली. पिशव्या दोनच भरल्या.

तुमच्या मुलांच्या शाळेत अशी टीम आहे का, ऑफिसमध्ये विचारून बघा. नसेल तर प्रिन्सिपलना भेटा. एखादा उत्साही शिक्षक आणि दोन-तीन पालक एवढ्यावर सुरुवात होते. दुसऱ्या राज्यात राहत असाल तर नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशनचा 'इको-स्कूल्स' कार्यक्रम आहे. 1994 मध्ये युरोपात सुरू झालेल्या या कार्यक्रमात टीम, पाहणी, कृती-आराखडा अशा सात पायऱ्या आहेत. भारतातल्या शाळाही त्यात आहेत, म्हणजे तिकडच्या भाचे-पुतण्यांनाही सांगता येईल.

माझ्या हातात पुन्हा खडू आलेला नाही. पण मंगळवारी दुपारी पाचवीतली मुलं वही घेऊन माझ्याभोवती जमतात आणि त्या दुपारी घर रिकामं आहे हे माझ्या लक्षातही येत नाही.

दिवाळीच्या शुभेच्छा. आणि हो, कार्यक्रमाला येताना ताट विसरू नका!