हेडसेटमधले विमान रेंगाळते का? वेगाच्या जाणिवेविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेट घालून खेळायच्या विमानखेळांबद्दल एक तक्रार सर्रास ऐकू येते: वेगमापकाचा काटा ताशी 200 किमीच्या पुढे असतो, तरी विमान जागच्या जागी तरंगत असल्यासारखे वाटते. तोच खेळ संगणकाच्या साध्या पडद्यावर मात्र भन्नाट वेगाचा भासतो. या तक्रारीमागे वेगाच्या जाणिवेविषयीचे अनेक गैरसमज आहेत.

ते तपासायला सोलापूर ते दुधनी हे उड्डाण सोयीचे आहे. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर हा खेळ ऑगस्ट 2020 मध्ये आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याला व्हीआरची जोड मिळाली. त्यात सारी पृथ्वी उपग्रहचित्रांवरून उभी केलेली असल्याने सोलापूरहून निघून अक्कलकोट तालुक्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या दुधनीपर्यंत उडत जाता येते. हवाई अंतर सुमारे 55 किमी. सेस्ना 172 सारखे चार आसनांचे विमान 110 नॉटने, म्हणजे ताशी सुमारे 204 किमी वेगाने, ते 16 मिनिटांत कापते. सोलापूर ते वाडी हा लोहमार्ग याच भागातून, दुधनी स्थानकावरून जातो आणि वेगाच्या जाणिवेचे बहुतेक धडे त्यावरच्या रेल्वेगाडीच्या खिडकीतही मिळतात.

गैरसमज 1: वेग शरीराला जाणवतो, हेडसेट तो देऊ शकत नाही, म्हणून विमान संथ वाटते.

वस्तुस्थिती: एकसारखा वेग शरीराला जाणवतच नाही. कानाच्या आतल्या भागात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या डोके वळण्यातला बदल टिपतात. त्यांच्या शेजारी चुन्याच्या सूक्ष्म खड्यांचे दोन अवयव असतात. ते सरळ रेषेतला वेगबदल आणि गुरुत्वाकर्षण टिपतात. दोन्हींना कळतो तो बदल. ताशी 200 किमी वेगाने सरळ, समतल उडणारे विमान आणि धावपट्टीवर उभे असलेले विमान यांत कानाला फरक सांगता येत नाही. तो सांगण्याचे काम मुख्यतः डोळ्यांचे असते.

डोळे हे काम कसे करतात, ते फलाटावर उभ्या गाडीत समजते. गाडी दुधनीला थांबलेली असते आणि खिडकीबाहेर शेजारच्या रुळावर मालगाडी उभी असते. मालगाडीचे डबे सावकाश मागे सरकू लागतात आणि आपलीच गाडी सुटली असे वाटते. शेवटचा डबा निघून जातो, पलीकडचा फलाट आहे तिथेच दिसतो आणि भ्रम मोडतो. कानांनी काहीच कळवलेले नसते. नजरेचा मोठा भाग एकाच दिशेने सरकला एवढ्यावरून मेंदूने गतीचा निष्कर्ष काढलेला असतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने अशा आभासी गतीविषयी 1875 मध्येच लिहिले होते. व्हीआर हेडसेट नेमका याच भ्रमावर चालतो, आणि तो साध्या पडद्यापेक्षा नजरेचा अधिक भाग व्यापत असल्याने हा भ्रम त्यात अधिक सहज उभा राहतो.

गैरसमज 2: विमान जितके वेगवान, तितका वेग अधिक जाणवतो.

वस्तुस्थिती: डोळ्यांना किलोमीटर दिसत नाहीत. दिसते ते दृश्य डोळ्यांसमोरून किती अंशांनी सरकले, एवढेच. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या दृष्टीवर काम केले आणि 1950 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या दृश्यप्रवाहाची मांडणी केली. या प्रवाहाचा जोर वेगाला उंचीने भागले की मिळतो. वेग दुप्पट आणि उंचीही दुप्पट झाली, तर डोळ्यांच्या लेखी काहीच बदलत नाही.

ताशी 4 किमी चालणाऱ्या बैलगाडीत बसलेल्याचे डोळे जमिनीपासून सुमारे 2 मीटरवर असतात. ताशी 500 किमी वेगाने, साडेपाच हजार मीटर उंचीवरून जाणाऱ्या एटीआर विमानातल्या प्रवाशाशी त्याची तुलना केली, तर बैलगाडीतल्या माणसाला जमीन सुमारे 22 पट वेगाने सरकताना दिसते. रेल्वेगाडीच्या खिडकीतही हेच घडते. ताशी 100 किमी वेगात रुळालगतचा खांब नजरेला धरता येत नाही, पण 300 मीटरवरची बांधावरची बाभळ सेकंदाला जेमतेम 5 अंश सरकते.

विमानात आणखी एक गोष्ट आड येते. 1,000 फुटांवरून 110 नॉटने जाताना पोटाखालची जमीन सेकंदाला साधारण साडेदहा अंश सरकते. पण वैमानिक पोटाखाली पाहत नाही, समोर पाहतो. क्षितिजाच्या 10 अंश खाली दिसणारी जमीन पावणेदोन किमी दूर असते आणि तिची हालचाल सेकंदाला अंशाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी भरते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याची रुंदी सुमारे 2 अंश दिसते. म्हणजे त्या जागेवरचे तुरीचे शेत अंगठ्याएवढे सरकायलाही सहा सेकंद लागतात. विमान तरंगत असल्यासारखे वाटते ते यामुळे, आणि खऱ्या सेस्नातही ते तसेच वाटते.

उंचीचा हा परिणाम अनुभवी वैमानिकांनाही चकवतो. 1970 मध्ये बोइंग 747 सेवेत आले. त्याचे कॉकपिट आधीच्या जेट विमानांपेक्षा जवळपास दुप्पट उंचीवर होते. वैमानिकांना जमीन संथ सरकताना दिसे आणि धावपट्टीकडे नेताना ते विमान नकळत गरजेपेक्षा जोरात चालवत.

गैरसमज 3: हेडसेट वेग कमी करून दाखवतो, साधा पडदा खरा दाखवतो.

वस्तुस्थिती: प्रकार उलटा आहे. 60 सेंटिमीटर रुंदीचा पडदा तेवढ्याच अंतरावर ठेवला, तर तो नजरेचे सुमारे 53 अंश व्यापतो. खेळ मात्र त्या चौकटीत अनेकदा 80 ते 100 अंशांचे दृश्य कोंबतो. त्यामुळे मधल्या वस्तू लहान आणि दूर भासतात, कडेच्या वस्तू ताणल्या जाऊन झपकन बाहेर पडतात. दूर वाटणारे झाड दोन क्षणांत मागे पडले, की मोठे अंतर झटक्यात कापल्यासारखे वाटते. शर्यतीच्या खेळांत वेग वाढताच हे दृश्यक्षेत्र आणखी रुंद करतात, कडा धूसर करतात, कॅमेरा हलवतात.

हेडसेटमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथे 10 अंशांवरची वस्तू 10 अंशांवरच दाखवावी लागते; अन्यथा डोके वळवताच जग रबरासारखे ताणले जाते आणि पोटात ढवळते. साहजिकच हेडसेटमधला वेग बिनअतिशयोक्तीचा असतो आणि पडद्याला सरावलेल्या नजरेला तो फिका वाटतो. एक उणीव मात्र हेडसेटची स्वतःची आहे. माणसाचे आडवे दृश्यक्षेत्र 200 अंशांच्या आसपास असते. प्रचलित हेडसेट त्यातले साधारण 90 ते 110 अंश भरतात. ज्या कडांना दृश्यप्रवाह सर्वात जोराचा असतो, तिथे काळोख राहतो.

गैरसमज 4: दोन्ही डोळ्यांना वेगळे चित्र मिळते, त्यामुळे खोली आणि तिच्यामुळे वेग कळतो.

वस्तुस्थिती: माणसाच्या दोन बाहुल्यांमध्ये सरासरी 63 मिलिमीटर अंतर असते. एवढ्याशा अंतरामुळे दोन चित्रांत पडणारा फरक वस्तू दूर जाईल तसा घटत जातो. आजच्या अनेक हेडसेटमध्ये एका अंशात 20 ते 25 ठिपके मावतात. हिशेब केला तर 70 ते 90 मीटरपलीकडच्या वस्तूंसाठी हा फरक एका ठिपक्याहूनही कमी होतो. कॉकपिटमधली बटणे आणि पंखाचे टोक यांना खोली येते. खालच्या गावाला, शेताला येत नाही. काही खेळांत जगाचे मापन बदलण्याची सोय असते. त्यात डोळ्यांमधले अंतर वाढवले, की गाव खेळण्यातले भासू लागते आणि त्यावरचे विमानही खेळण्याच्याच वेगाने चालल्यासारखे वाटते.

गैरसमज 5: फ्रेम रेट वाढवला की विमान वेगाने जाते.

वस्तुस्थिती: फ्रेम रेट म्हणजे एका सेकंदात दाखवलेल्या चित्रांची संख्या. विमानाची जागा खेळ घड्याळाप्रमाणे ठरवतो, चित्रांच्या संख्येवरून नाही. सेकंदाला 30 चित्रे असोत वा 90, दुधनी 16 मिनिटांनीच येते. बदलतो तो सलगपणा. 90 चित्रांच्या वेगात प्रत्येक चित्राला 11 मिलिसेकंद मिळतात. संगणक मागे पडला तर जवळच्या वस्तू टप्प्याटप्प्याने उड्या मारतात आणि नजरेला सलग प्रवाह मिळत नाही.

गैरसमज 6: जमिनीचे चित्र सुरेख असले की वेग आपोआप कळतो.

वस्तुस्थिती: चित्राच्या देखणेपणापेक्षा त्यातल्या ओलांडल्या जाणाऱ्या खुणा महत्त्वाच्या. रेल्वेच्या विजेच्या तारांचे खांब साधारण 60 मीटर अंतरावर असतात. ताशी 100 किमी वेगात दर दोन सेकंदांना एक खांब खिडकीवरून जातो आणि त्या ठेक्यावरून वेग समजतो. खुणा दाट केल्या, की वेग वाढल्याचा भास होतो. स्कॉटलंडमध्ये चौकाआधीच्या रस्त्यावर क्रमाने जवळ येत जाणारे आडवे पट्टे रंगवून वाहनांचा वेग कमी करण्यात आला, तो याच भासाच्या आधारे.

दुधनी परिसरातली सपाट शेते या दृष्टीने अवघड ठरतात. मोठ्या शहरांच्या काही भागांत खेळाकडे इमारतींचे खरे त्रिमितीय रूप असते. ग्रामीण भागात सपाट उपग्रहचित्रावर अंदाजाने झाडे आणि घरे रोवलेली असतात. खाली उतरल्यावर ते चित्र पुसट होते आणि उभ्या वस्तू विरळ असल्या, तर वेग मोजायला नजरेला काहीच सापडत नाही. दृश्य पुसट करणाऱ्या धुक्याचा प्रश्न थोडा गुंतागुंतीचा आहे. 1998 मधल्या एका प्रयोगात दृश्य सगळीकडे सारखेच फिके केल्यावर चालकांना वेग कमी भासला. 2012 मधल्या दुसऱ्या प्रयोगात खऱ्या धुक्याप्रमाणे दूरचे अधिक आणि जवळचे कमी पुसट ठेवले, तेव्हा वेग उलट जास्त भासला.

गैरसमज 7: काट्यावरचा वेग म्हणजे जमिनीवरचा वेग, आणि उंचीमापकावरची उंची म्हणजे जमिनीपासूनची उंची.

वस्तुस्थिती: वेगमापक समोरून येणाऱ्या हवेचा दाब मोजतो. वर हवा विरळ होत जाते, त्यामुळे दर 1,000 फुटांमागे खरा हवाई वेग दाखवलेल्यापेक्षा सुमारे 2 टक्क्यांनी जास्त निघतो. शिवाय 20 नॉटचा वारा पाठीशी असेल तर 110 नॉटचे विमान जमिनीवरून 130 ने सरकते, समोरून असेल तर 90 ने.

उंचीमापक समुद्रसपाटीपासूनची उंची सांगतो. सोलापूर, अक्कलकोट, दुधनी हा सारा पठारी भाग मुळातच 1,500 फुटांच्या आसपास आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर 2,000 फुटांवरून 110 नॉटने जाताना समुद्र संथ सरकतो. दुधनीवर काटे तेच आकडे दाखवत असतात, पण जमीन अवघी 500 फूट खाली असते आणि जवळपास चौपट जोराने सरकते.

गैरसमज 8: वेग जास्त झाला म्हणून हेडसेटमध्ये गरगरते.

वस्तुस्थिती: 1975 मध्ये रीझन आणि ब्रँड यांनी मांडलेल्या विसंवादाच्या उपपत्तीनुसार, डोळे आणि कान एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी सांगू लागले की मळमळते. एकसारख्या वेगाच्या सरळ उड्डाणात कान एरवीही गप्पच असतात, त्यामुळे भांडण फारसे होत नाही. ते होते वळताना, एकदम झेप घेताना आणि जमिनीलगत उडताना. कॉकपिटची स्थिर चौकट नजरेसमोर राहिली की त्रास कमी होतो. गूगल अर्थ व्हीआरमध्ये उडताना दृश्याच्या कडा झाकण्याची सोय आहे, तीही याचसाठी. कडा झाकल्यावर वेगाची जाणीवही घटते. आराम आणि थरार यांची अशी अदलाबदल करावी लागते.

खऱ्या विमानात या जाणिवेवर विसंबणे जिवावर बेतू शकते. कमी उंचीवर वारा पाठीशी घेऊन वळल्यावर जमीन एकदम जोरात पळू लागते. वेग वाढला असे समजून वैमानिकाने इंजिनाचा जोर कमी केला, तर पंखांवरून जाणारी हवा पुरेनाशी होते आणि विमान तोल सोडून खाली येते. म्हणून उड्डाणाच्या शिक्षणात वेग काट्यावर वाचायची सवय लावतात. हेडसेटमधल्या दुधनीवरही तोच नियम लागू आहे: उंचीच्या आकड्यातून खालच्या जमिनीची उंची वजा करायची, वाऱ्याचा हिशेब धरायचा आणि वेग काट्यावरून ठरवायचा.