एक किलोचा चाप

नेमबाजीच्या मोठ्या सामन्याआधी पिस्तुलांची तपासणी होते. तिथे गेज, काटे, पेट्या असं बरंच काही मांडलेलं असतं, पण नेमबाजाच्या पोटात गोळा येतो तो एका साध्या वजनापाशी. वजन भरतं बरोबर एक हजार ग्रॅम. ते टेबलावर ठेवायचं, पिस्तुलाची नळी सरळ वर करायची, वजन चापाच्या मध्यावर अडकवायचं आणि हळूहळू उचलायचं. वजन टेबलावरून सुटून अधांतरी राहिलं की पिस्तूल पास. चाप आधीच सुटला तर नापास. संधी तीनच. हा नियम २५ मीटर पिस्तुलाचा. दहा मीटरवरच्या एअर पिस्तुलाला हीच अट ५०० ग्रॅमची आहे.

पिस्तुलाचा चाप सुधारायचा म्हणजे तो हलका करायचा, असं बहुतेकांना वाटतं. पण २५ मीटरवर एक किलोच्या खाली जाताच येत नाही. उलट जाणते नेमबाज तीस-चाळीस ग्रॅम वरच ठेवतात, कारण सामना सुरू झाल्यावरही कुणाचं पिस्तूल तपासायला उचलतील याचा नेम नसतो आणि तिथे कमी भरलं तर थेट बाद. तेव्हा वजन सगळ्यांना सारखंच. एवढ्या पैशांच्या आणि एवढ्या नखऱ्याच्या यंत्रांमध्ये फरक पडतो तो हे किलोभर वजन बोटाला कसं लागतं यात.

आमच्या सिंधुदुर्गात बंदूक ही अपूर्वाईची वस्तू नाही. माकडं, रानडुकरं, दोडामार्ग-सावंतवाडीकडे गवे. बागायतदाराकडे शेतीसंरक्षणाचा परवाना आणि ठासणीची बंदूक असणं इथे नेहमीचं. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकालानंतर परत आणायची, हाही आता रिवाजच झाला आहे. त्या बंदुकीचा चाप किती ग्रॅमला सुटतो हे कुणी कधी मोजलं नाही, मोजायची गरजही नाही. आवाज झाला, माकडं माडावरून उतरली, काम झालं. नेम हा तिथे दुय्यम मामला.

पंचवीस मीटरवर मात्र हिशेब फार बारीक होतो. नियमाप्रमाणे या पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या माशीतलं, म्हणजे नेम धरायच्या खुणांमधलं, अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर. म्हणजे पुढची माशी एक मिलिमीटर हलली तर गोळी लक्ष्यावर जवळजवळ ११४ मिलिमीटर दूर जाते. सावकाश गोळ्या झाडायच्या अचूक टप्प्याच्या लक्ष्यावर दहाचं वर्तुळ आहे ५० मिलिमीटर व्यासाचं. भागाकार केला तर नेमबाजाला माफ असलेली चूक निघते मिलिमीटरच्या पावभागाहूनही कमी. आता गंमत बघा, नियमात बसणाऱ्या पिस्तुलाचं वजन फार तर १४०० ग्रॅम आणि त्याच्या चापावर बोट लावतं एक हजार ग्रॅम. पिस्तुलाच्या वजनाच्या सत्तर टक्क्यांहून जास्त जोर त्याच पिस्तुलावर द्यायचा, एका हाताने, आणि तरी माशी पाव मिलिमीटरही हलू द्यायची नाही. चापासाठी लोक वर्षं का घालवतात, ते इथे कळतं.

आत काय असतं? ताणलेल्या स्प्रिंगचा घोडा आणि त्याला अडवून धरणारा लोखंडाचा एक छोटा दात, ज्याला सीअर म्हणतात. घोड्याच्या खाचेत दाताची कड अगदी थोडी रुतलेली असते. चाप ओढला की दात सरकतो, कड संपते, घोडा सुटतो. हे सरकणं खडबडीत असेल तर बोटाला मधे मधे अडखळल्यासारखं लागतं आणि दर अडखळीला माशी उडी मारते. कड जास्त रुतलेली असेल तर चाप लांबच लांब ओढत बसावा लागतो. घोडा सुटल्यावरही चाप मागे जातच राहिला तर बोटाचा उरलेला जोर धपकन पिस्तुलावर येतो, तेही गोळी नळीत असताना.

म्हणून सामन्याच्या पिस्तुलात चाप दोन टप्प्यांचा करतात. पहिल्या टप्प्यात तो मऊपणे मागे येतो, मग भिंत लागते. त्या भिंतीवर थोडा जोर वाढवला की काच तुटावी तसा स्वच्छ सुटतो. मालवणच्या धक्क्यावर मासे गरवत बसलेल्या माणसाचा हात बघावा. दोरीतली ढील तो आधीच ओढून घेतो, मग ताण बोटावर धरून थांबतो. पहिला टप्पा ही ती ढील. हजारातले सहाशे-सातशे ग्रॅम तिथेच घेऊन टाकले की शेवटच्या निर्णयाला तीनशे-चारशेच उरतात. वजन तेवढंच राहिलं, नियमही मोडला नाही, बोटाचं काम मात्र तिसऱ्या हिश्श्यावर आलं. चांगल्या पिस्तुलात यासाठी चिमुकले स्क्रू दिलेले असतात: एक पहिल्या टप्प्याच्या वजनाचा, एक दुसऱ्याचा, एक चापाचा मागचा प्रवास थांबवणारा. शिवाय चापाचं पातंच पुढेमागे सरकवता येतं, म्हणजे ज्याच्या त्याच्या बोटाच्या पेरावर नीट बसतं.

पोलिसांच्या कमरेला असतं ते पिस्तूल वेगळ्या जातीचं. इच्छापूरच्या कारखान्यात बनणारं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल हे जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यातून निघालेल्या ‘हाय-पॉवर’चं भारतीय रूप. त्या मूळ घडणीत मॅगझिन काढलेलं असताना चाप चालू नये म्हणून एक सुरक्षा-तुकडा आहे. तो मॅगझिनच्या अंगावर घासतो आणि ते घासणं बोटाला लागतं. परदेशात हौशी लोक तो तुकडाच काढून टाकतात आणि चाप सुधारला म्हणून खूश होतात. मला हे पटत नाही. गर्दीत, घामेजल्या हाताने, घाबरलेल्या माणसाने चालवायच्या शस्त्राचा चाप जड आणि जरा आडमुठाच असावा.

सेमी-ऑटोमॅटिकची आणखी एक अडचण आहे. गोळी सुटली की स्लाइड किंवा बोल्ट मागे जाऊन घोडा पुन्हा ताणतो आणि दणक्यात पुढे येतो. त्या दणक्यात सीअरच्या दाताने घोडा पकडून ठेवला पाहिजे. कुणी घरी कानस घेऊन दात घासला तर पोलादाचा कठीण केलेला वरचा पापुद्रा जातो, कोन बिघडतो, चाप दोन दिवस लोण्यासारखा चालतो आणि तिसऱ्या दिवशी एका ओढीत दोन गोळ्या सुटतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याने बंदुका बनवण्या-दुरुस्तीच्या धंद्याला परवाना लागतो, ते उगाच नाही. स्क्रू फिरवणं नेमबाजाचं काम, दाताला हात लावणं परवानाधारक कारागिराचं. नवशिक्याने तर स्क्रूलाही प्रशिक्षकाला विचारल्याशिवाय हात लावू नये.

कोकणात चाप बिघडायला कानसही लागत नाही, हवा पुरते. खारं वारं, चार महिने पाऊस, भिंतींना ओल. स्प्रिंगवर नि दातावर गंजाचा नुसता तांबूस धूर चढला तरी बोटाला वाळू लागते. त्यात सामन्याच्या पिस्तुलातल्या पॉइंट टूटूच्या (.२२) गोळीला मेणाचा किंवा ग्रीसचा लेप असतो. ते मेण, जळकी दारू आणि शिशाची पूड मागे उडून चापाच्या यंत्रात बसते. मग तेल जास्त घातलं की तिचाच चिखल होतो. आपल्या माणसाचा हात सवयीने खोबरेलाच्या बाटलीकडे जातो. पण मार्गशीर्षातल्या पहाटे बाटलीत थिजणारं तेल सीअरवरही थिजतं. स्वच्छ पुसून अगदी पातळ तेलाचा एक थेंब, तोही सुईच्या टोकाने, आणि पेटीत ओल शोषणारी पुडी. चाप बिघडला म्हणून आलेल्या तक्रारी बऱ्याचदा एवढ्यावर मिटतात.

दहा मीटर एअर पिस्तुलात आता इलेक्ट्रॉनिक चापही आहेत: दात नाही, घर्षण नाही, बोट फक्त विद्युत-संपर्क जुळवतं. ओढ कमालीची एकसारखी. पण त्यालाही बॅटरी आणि जोडण्या आल्या, आणि गुंतागुंतीचं पिस्तूल ऐन वेळी रुसलं तर काय होतं ते २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला दिसलं. भारताची नेमबाज मनू भाकर हिचं पिस्तूल पात्रता फेरीतच बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली.

या खेळाशी कोकणाचं नातं तसं जुनं आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये उभी राहिली, तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, घराणं मूळचं रत्नागिरी जिल्ह्यातलं. राष्ट्रीय स्पर्धेचा रस्ता ज्यातून जातो ती पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाची आहे. नावलौकिक मात्र घाटावर गेला. फोंडा घाट चढून राधानगरीच्या रस्त्याला लागलं की नेमबाज स्वप्नील कुसाळेचा तालुका, आणि पुढे कोल्हापूर, जिथून राही सरनोबत आली.

राहीचा प्रकार २५ मीटर पिस्तूल. यात तीस गोळ्या सावकाश आणि तीस जलद. जलद टप्प्यात हात खाली, ४५ अंशांत. सात सेकंद थांबायचं, मग तीन सेकंद लक्ष्य उघडं. तेवढ्यात हात वर, नेम, गोळी आणि पुन्हा खाली, असं पाच वेळा. इथे चापाचा पहिला टप्पा हात वर येता येताच घ्यावा लागतो. माशी लक्ष्यात शिरते तेव्हा बोट भिंतीपाशी पोचलेलं असलं पाहिजे. हे शिकवायला गोळ्या लागत नाहीत. रिकाम्या पिस्तुलाने, सुरक्षित दिशेला, हजारो वेळा नुसता चाप ओढायचा. पॉइंट टूटूत रिकामा घोडा नळीच्या कडेवर आपटू नये म्हणून खोटं काडतूस घालून किंवा पिस्तुलातली खास सोय वापरून. कंटाळवाणं काम आहे. स्क्रूंवर तासन् तास बोलणारी मंडळी याचं नाव काढलं की विषय बदलतात.

कोपराच्या दुखापतीतून उठलेल्या राहीला मुंखबायर दोर्जसुरेन या प्रशिक्षक मिळाल्या. मंगोलियासाठी १९९२ मध्ये आणि जर्मनीसाठी २००८ मध्ये याच प्रकारात ऑलिंपिक कांस्य मिळवलेली ही बाई. २२ ऑगस्ट २०१८ ला पालेम्बांगच्या आशियाई स्पर्धेत अंतिम फेरी संपली तेव्हा राही आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून दोघींचे ३४ नेम लागले होते. पाच गोळ्यांचा शूट-ऑफ झाला, चार-चार. पुन्हा पाच गोळ्या. यांगपायबूनचे दोन लागले, राहीचे तीन, आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण घेणारी ती पहिली भारतीय महिला ठरली.