चालत्या गाडीचे माप

मोशी येथे इंद्रायणी ओलांडून पुणे-नाशिक मार्गाने चाकणकडे निघालेल्या प्रवाशास कुरुळीच्या परिसरात जी अवजड वाहतूक दृष्टीस पडते, ती या भागाच्या स्थित्यंतराचा प्रत्यक्ष पुरावाच होय. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, पिंपरी-चिंचवडचा कारखानदारी पसारा वाढत गेला आणि पुढे तो खेड तालुक्यातील चाकण, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या गावांच्या शिवारांपर्यंत पोहोचला. परंतु चाकणला रेल्वेमार्ग नसल्यामुळे येथील मालाची सारी भिस्त आजही मालमोटारींवरच आहे. या मालमोटारींच्या पोटाखाली फिरणारा पोलादी नळा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, आपल्या लक्षात सहसा येत नाही. तथापि त्याच्या लांबीत झालेली बोटभर चूकही गाडीस आणि रस्त्यावरील माणसांस महागात पडू शकते.

गिअरबॉक्समधून निघालेली फिरती शक्ती मागील आसाच्या डिफरन्शियलपर्यंत नेणे, हे या शाफ्टचे कार्य. गिअरबॉक्स चासीला जखडलेला असतो, आस मात्र पाट्यांवर, म्हणजे लीफ स्प्रिंगांवर, वरखाली होत असतो; त्यामुळे खड्डा आला, ओझे चढले वा उतरले, की या दोहोंमधील अंतर आणि कोन ही दोन्ही बदलतात. कोनाची तजवीज दोन टोकांच्या क्रॉस जॉइंटांनी केलेली असते. हा सांधा सतराव्या शतकातील इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याच्या नावाने ओळखला जातो, आणि मोटारीस योग्य असे त्याचे बंदिस्त रूप सिद्ध करणाऱ्या अमेरिकेतील क्लॅरेन्स स्पायसर यास १९०३ साली त्याचे पेटंट मिळाले. अंतराची तजवीज दात्यांच्या सरकत्या सांध्याने, म्हणजे स्लिप जॉइंटने होते. या सांध्यास आत आणि बाहेर अशी दोन्ही दिशांस पुरेशी वाट राहील अशी लांबी, तीच शाफ्टची योग्य लांबी.

गिअरबॉक्स वा आस बदलला, किंवा चासीची लांबी बदलली, की मूळ शाफ्ट निरुपयोगी होतो आणि नव्या मापाचा प्रश्न उपस्थित होतो. अशा वेळी फीत हाती घेण्यापूर्वी गाडी कोणत्या अवस्थेत उभी आहे हे पाहणे अगत्याचे आहे. चासी जॅकवर उचलली की आस खाली लोंबतो, आणि त्या स्थितीत घेतलेले माप कितीही काटेकोर असले तरी रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या उपयोगाचे नसते. गाडी सपाट जमिनीवर स्वतःच्या चाकांवर उभी असावी, चाकांना अटकाव लावलेला असावा, गिअरबॉक्स व आस आपापल्या जागी पक्के आवळलेले असावेत. ज्या हलक्या गाड्यांत सरकते योक, म्हणजे क्रॉसला धरणारा दुशाखी तुकडा, थेट गिअरबॉक्समध्ये शिरते, तेथे ते पूर्ण आत लोटून सामान्यतः २० ते २५ मिलिमीटर बाहेर ओढावे आणि त्याच्या क्रॉसच्या मध्यापासून डिफरन्शियलकडील क्रॉसच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. अवजड गाड्यांत, जेथे सरकता सांधा शाफ्टमध्येच असतो, तेथे दोन फ्लँजांच्या तोंडांमधील अंतर घेऊन सांधा आपल्या सरकण्याच्या साधारण मध्यावर येईल असा हिशेब करावा.

एवढ्याने काम संपत नाही. ओझ्याने पाटा सपाट होतो, तेव्हा त्याचा पुढचा डोळा स्थिर असल्यास आस किंचित मागे सरकतो आणि शाफ्टला अधिक लांबी लागते. उलट आस वर आल्याने शाफ्टचा उतार कमी होतो आणि लांबी कमी पुरते. या दोहोंपैकी वरचढ काय ठरेल हे प्रत्येक गाडीच्या रचनेवर अवलंबून असल्यामुळे, आस सर्वांत वर आणि सर्वांत खाली असताना सांधा कोठे येतो हे पडताळलेच पाहिजे. शाफ्ट लांब झाला तर सांधा तळाला टेकून त्याचा धक्का गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो. आखूड झाला तर थोडेच दाते गुंतून राहतात, ते लवकर झिजतात, आणि शाफ्ट सुटून पडण्याचा धोका निर्माण होतो.

लांबीइतकेच कोनाचेही महत्त्व आहे. दहा अंशांच्या कोनात एकट्या क्रॉस जॉइंटमधून निघणारा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे दीड टक्क्याने वाढतो व घटतो. दोन्ही टोकांचे कोन समान असले आणि शाफ्टवरील दोन्ही योक एकाच पातळीत बसविलेले असले, तरच एकाचा दोष दुसरा निवारतो. म्हणून सांधा उघडताना त्यावर खूण करून ठेवण्याची शिस्त अनुभवी कारागीर कधीही सोडत नाही. जुना नळा कापायचा असल्यास लेथवर वेल्डिंग उतरवून, योक पुन्हा सरळ बसवून, डायल गेजने वाकडेपणा तपासून मगच नवे वेल्डिंग करावे आणि शेवटी बॅलन्सिंग यंत्रावर समतोल साधावा. नळ्याची लांबी दुप्पट केली, तर ज्या वेगाला तो थरथरू लागतो तो वेग एक चतुर्थांशावर येतो. लांब गाड्यांत दोन तुकड्यांचा शाफ्ट आणि मध्ये सेंटर बेअरिंग असते, ते याच कारणाने.

मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ नोंदणीच्या दाखल्यातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करण्यास मज्जाव करते. म्हणून चासीच्या लांबीस हात लावण्यापूर्वी रीतसर परवानगी हवीच. त्यापलीकडे गाडीमालकाने आणखी एक आग्रह धरावा असे मला मनापासून वाटते: गाडी कोणत्या स्थितीत मोजली, दोन टोकांचे कोन किती आले, सांध्यास दोन्ही दिशांस किती वाट ठेवली, हे सारे कारागिराकडून लिहून घ्यावे. असे टिपण जवळ असले तर पुढील दुरुस्ती करणाऱ्यास अंदाजावर विसंबावे लागत नाही, आणि आपल्या श्रमाची लेखी जबाबदारी घेणाऱ्या कारागिराचा मान त्याने वाढतोच.