व्हिएन्नाचं पत्र : धुण्याच्या माळ्यावरची घरं

धाराशिवकडे नव्या घराच्या गच्चीवर कॉलमच्या सळया उघड्याच ठेवलेल्या दिसतात. थोरल्याचं लग्न ठरलं की वर मजला चढवायचा, हा त्यामागचा बेत. व्हिएन्नात अशी सोय कुणी करून ठेवलेली नव्हती. तरी इथं शंभर-सव्वाशे वर्षांच्या विटांच्या इमारतींवर सर्रास घरं चढताहेत.

1910 साली या शहरात वीस लाखांवर माणसं होती. 1980 च्या दशकात ती पंधरा लाखांपर्यंत उतरली आणि 2023 मध्ये पुन्हा वीस लाखांपलीकडे गेली. पसरायला जागा आहे, पण भोवतीचा रानाचा आणि कुरणांचा पट्टा शहरानं 1905 मध्येच राखून ठेवलाय. त्याला हात लावायचा विषय काढला, तर इथं मतं मिळणार नाहीत. मग नजर गेली उतरत्या छपरांखालच्या माळ्यांकडे. तिथं भाडेकरू धुणं वाळत घालायचे.

छप्पर उतरवण्याआधी अभियंता तळघरात उतरतो. खालच्या भिंती आणि पाया किती वजन पेलतील, ते आधी तपासायचं. नवं काम शक्यतो हलकं, लाकडाचं किंवा पोलादी सांगाड्याचं. त्यात भूकंपाचा हिशेबही आला. 1590 च्या धक्क्यात इथल्या चर्चच्या मनोऱ्यांची पडझड झाली होती.

डोक्यावरचं वजन काय करतं, हे धाराशिवकडच्या सास्तूरच्या माणसाला सांगायला नको. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि वरची माळवदं खाली आली. गळती थांबवायला वर्षानुवर्षं थरावर थर माती टाकलेली. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर. आता माळवदाच्या जागी स्लॅब आला, पण पाया किती मजल्यांचा धरलाय याचा कागद किती घरांत सापडेल? सळया गंजतात, ते वेगळंच.

व्हिएन्नातही सगळं आलबेल नाही. 1945 पूर्वीच्या इमारतींतल्या बहुतेक भाड्यांना कायद्याची मर्यादा आहे. माळ्यावरच्या नव्या घरांना सहसा नाही. त्यामुळे वर गच्चीवाले श्रीमंत आणि खाली जुने भाडेकरू, असा शेजार जमतो. काम चालू असताना धूळ आणि ठोकाठोक खालच्यांनी सोसायची. बदल्यात बऱ्याचदा इमारतीत लिफ्ट येते, आणि चौथ्या मजल्यावरच्या आजीबाईंचा विरोध तिथं जरा मवाळ होतो.