भुसा अधिक प्लास्टिक: डब्ल्यूपीसी बोर्ड

डब्ल्यूपीसी म्हणजे वूड प्लास्टिक कंपोझिट. लाकडाचा भुसा वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मळून काढलेला बोर्ड. भुसा साधारण निम्मा.

• चालणारं प्लास्टिक: शाम्पूच्या बाटल्या (त्रिकोणी खुणेतला आकडा २), दुधाच्या पिशव्या (४), जेवणाचे डबे (५).

• पाण्याची बाटली (१) सहसा चालत नाही. ती वितळते सुमारे २५० अंश सेल्सिअसला. लाकूड २०० च्या आसपासच करपू लागतं.

• भुसा पाणी शोषतो, प्लास्टिक झिडकारतं. दोघांचं मुळात पटत नाही. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं थोडं पॉलिमर घातलं की पकड बसते. ताकद वाढते, फुगणं घटतं.

• पाण्याला टिकणारा मरीन प्लाय डब्ल्यूपीसीहून वेगळा: लाकडाचे पातळ थर, चिकटवायला फिनॉलिक रेझिन. भारतीय मानक आयएस ७१०.

• डब्ल्यूपीसी म्हणून मिळणारे पांढरे बोर्ड पुष्कळदा पीव्हीसी फोमचे असतात. घेण्यापूर्वी भुशाचं प्रमाण विचारा.